आता ती पहिल्यासारखी पहाटे उठते

निवृत्त झाल्यापासून मला लग्नाला जायचं म्हटलं की कंटाळा येतो. कार्यालयाच्या दारात हातात अक्षता पडायच्या आत कुणीतरी कोपराला धरून बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "अक्का, तुम्ही त्या धारवाडच्या डोक्याच्या दवाखान्यात होता ना? झोपेची एखादी साधी गोळी सांगा की." साधी म्हणजे डॉक्टरला न दाखवता मिळणारी आणि घरात कुणाला कळणार नाही अशी. मी म्हणते, एकदा दवाखान्यात येऊन दाखवा. असं म्हटलं की लगेच चेहरा बदलतो. "तसलं काही नाही ओ मला. नुसती झोप येत नाही."

नुसती झोप येत नाही. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि आता जेवणाच्या पंगतीत ऐकते. या अंकाच्या संपादकांनीही मला झोपेवर काहीतरी हलकंफुलकं लिहा, शेवटी सोपे उपाय द्या, असं सुचवलं होतं. उपाय फोनवर ढिगानं मिळतात. कोमट दूध घ्या, पायाला तेल चोळा, चांगले विचार करा. मला हलकंफुलकं लिहिता येणार नाही, कारण या विषयावर मी अजून चिडलेली आहे. का चिडलेली आहे, तेवढं सांगते.

मी हुबळीची. वडील रेल्वेच्या कारखान्यात होते आणि मुलींनी शिकून आपल्या पायावर उभं राहायचं, यावर त्यांचा कटाक्ष होता. मी नर्स झाले तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. नोकरी मानसोपचाराच्या दवाखान्यात लागली म्हटल्यावर मात्र ते जरा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "तिथं पण माणसंच येतात की. जा." तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी रोज हुबळीहून धारवाडला बसनं जात राहिले.

त्या बसमध्ये एक गंमत असायची. हुबळीचे लोक ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून धारवाडच्या डॉक्टरकडं यायचे आणि धारवाडचे त्याच कारणासाठी हुबळीच्या डॉक्टरकडं जायचे. वाटेत एकमेकांना भेटले की दोघंही दात दाखवायला चाललोय म्हणायचे. मी खिडकीकडं तोंड करून बसायची, म्हणजे मला ओळख द्यायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

"निद्दी बरंगिल्ल री." दवाखान्यातल्या बाकावर बसलेली निम्मी माणसं अशीच सुरुवात करायची. झोप येत नाही हो. डॉक्टरांनी मला काम लावून दिलं होतं, पेशंट आत जायच्या आधी त्याच्याशी झोपेबद्दल बोलून घ्यायचं. लोकांना वाटतं, आम्ही किती तास झोपता एवढंच विचारतो. मी तास सगळ्यात शेवटी विचारायची. आधी विचारायची, झोप लागतच नाही, की लागून मोडते? मोडली की पहिल्यांदा मनात काय येतं? दिवसा पेंग येते का?

कारण तक्रार एक असली तरी आजार वेगवेगळे असतात. ज्याला काळजीचा आजार आहे, तो अंथरुणावर पडला की त्याचं डोकं कामाला लागतं. त्याला झोप लागतच नाही. सुभाष रोडवरच्या एका स्टेशनरीवाल्याला झोपेची गरजच वाटेनाशी झाली होती. जरा डोळा लागला की ताजातवाना उठून तो नव्या नव्या धंद्यांचे बेत करायचा, सारखा बोलायचा आणि थकायचा म्हणून नाही. मित्र म्हणायचे, काय उत्साह आहे. तो उत्साह नव्हता, मन भडकण्याचा आजार होता. आणि ज्याचं मन खचलेलं असतं, त्याला बऱ्याचदा झोप लागते, पण पहाटेच्याही आधी मोडते आणि ती वेळ त्याच्यासाठी दिवसातली सगळ्यात वाईट असते. दिवस चढेल तसं ओझं थोडं उतरतं. म्हणून दुपारी त्याला बघणाऱ्याला वाटतं, याला काय झालंय?

झोप जाते ती आजारामुळं आणि झोप गेल्यामुळं आजार वाढतो. दोन्हीकडं एकदम लक्ष द्यावं लागतं. हे समजायला अवघड नाही. तरी ते घराघरांत शिरत का नाही, ते मला मंगलच्या घरी कळलं.

मंगल ही हुबळीतल्या कोप्पीकर रोडजवळच्या एका साडीच्या दुकानदाराची बायको. घराणं मूळचं सांगलीकडचं, पण दोन पिढ्या हुबळीत. खाली दुकान, वर घर. घरात सासू कमलाबाई, नवरा सुरेश, धाकटा दीर आणि मंगलच्या दोन शाळकरी मुली. मंगलचं माहेर कलघटगीचं. वडिलांची तिथं पिठाची गिरणी.

सुरेश तिला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा त्यानं झोपेचं नावही काढलं नाही. म्हणाला, "सिस्टर, हिच्या हातात काही राहत नाही. परवा तापलेल्या तेलाची कढई सोडली. नशीब, मुली बाजूला होत्या. विचारलं तर नुसती बघत बसते."

मी त्याला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, पहाटे कधी उठता?

"सगळ्यांच्या आधी," ती म्हणाली. "आमच्या आई सगळ्यांना कौतुकानं सांगतात. आमच्या सुनेला गजर लागत नाही, बाकीचं घर उठायच्या आत हिची भांडी, झाडलोट, कपडे, सगळं आटपलेलं असतं."

"स्वतःहून जाग येते?"

ती मग म्हणाली, "मी उठत नाही ओ अक्का. मी जागीच असते. पडून राहिलं की डोक्यात वाईट वाईट येतं. मग भांडी घासते. घासलेली पण घासते."

पहिल्याच भेटीत तिच्याबद्दल मला एवढं कळलं आणि त्या घराबद्दलही. एक बाई आजारी होती आणि तिच्या आजाराचा घराला उपयोग होत होता. घर झाडलेलं मिळत होतं, चहा वेळेवर मिळत होता. पुरुषाची झोप गेली की दुसऱ्या दिवशी कामावर बोंब होते, म्हणून तो दवाखान्यात येतो. बाईची झोप गेली की तिचं कौतुक होतं. तिच्या हातून कढई सुटेपर्यंत कुणाला काही दिसत नाही.

आमच्या कामात एक प्रश्न सरळ विचारावा लागतो. आडवळणानं विचारून चालत नाही. तो विचारल्यानं माणसाच्या मनात नसलेलं काही भरत नाही, उलट मोकळं व्हायला जागा मिळते. मी विचारलं, "मंगल, जगू नये असं वाटतं का?"

"रोज वाटतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "दिवस उगवला की कमी होतं."

डॉक्टरांनी तिला तपासलं, औषध सुरू केलं आणि तिच्यासमोरच सुरेशला समजावलं. मन खचण्याचा आजार आहे. कारण असेलच असं नाही. औषधाला काही आठवडे लागतील, मध्ये सोडायचं नाही, सोडायचं असेल तर आम्ही सांगू तसं हळूहळू. गोळ्या तुम्ही तुमच्या हातानं द्यायच्या. झोपेचं मी समजावलं. उठायची वेळ रोज एकच, मुलींच्या शाळेच्या हिशोबानं. त्याच्या आधी जाग आली आणि डोळा लागेना, तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात खुर्चीवर बसायचं, झोप यायला लागली की परत यायचं. पण कामाला हात लावायचा नाही.

"कामाला हात लावायचा नाही?" सुरेशनं परत विचारलं. बाकी सगळं त्यानं मुकाट ऐकून घेतलं होतं.

मंगलला औषध मानवलं. सुरुवातीला मळमळ झाली, तोंड कोरडं पडायचं, पण ती येत राहिली. हळूहळू तिची झोप लांबली. एकदा आली तेव्हा तिनं केसांत अबोली माळली होती. म्हणाली, "अक्का, आज मुलींनी मला उठवलं." हे सांगताना ती हसली आणि हसता हसता रडली.

त्यानंतर ती यायची बंद झाली.

दोन वेळा ठरलेल्या दिवशी आली नाही म्हटल्यावर मी फोन केला. सुरेशनं उचलला. मागं दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"बरी आहे ओ सिस्टर ती. आता गोळ्यांची गरज नाही. मध्ये त्या गोळ्यांनी लई सुस्त झाली होती, दिवस वर आला तरी झोपून राहायची. आई म्हणाली, बंद करून बघू. आता बघा, पहिल्यासारखी पहाटे उठते."

पहिल्यासारखी. त्यानं हे आनंदानं सांगितलं, म्हणून मला जास्त राग आला. तिचा आजार परत आला होता आणि त्या घरानं त्याला बरं होणं म्हटलं होतं.

मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "घरी जाऊन बघता का? तुम्ही हुबळीच्याच." मी माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी गेले.

कमलाबाईंनी दार उघडलं. ठेंगणी, ताठ बाई, हात सतत कशात तरी गुंतलेले. मी कोण ते सांगितल्यावर आडनाव विचारलं. सांगितलं. मग चहा आला. त्यांच्यासाठी कपबशी आणि माझ्यासाठी कागदी कप. हे मला नवीन नव्हतं. मी तो चहा तसाच टेबलावर राहू दिला आणि विषयाला हात घातला.

"काकू, मंगलच्या गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मी केल्या," त्या म्हणाल्या. "लपवायचं काय त्यात? घरातली बाई उन्हं येईपर्यंत झोपायला लागली तर घर चालतं का? दुकानात सणाची गर्दी. नोकरमाणसांना डबे लागतात."

"ती झोपत होती म्हणजे बरी होत होती."

"झोप कुणाला येते ओ बाई? मला कुठं येते? लग्न होऊन या घरात आल्यापासून मी कधी पुरती झोपले नाही. सासऱ्यांची पूजा पहाटे, मग पाणी तापवणं, मग पोरं. पुढं ती सवयच मोडली. मी कुणाकडं गोळ्या मागायला गेले का? मला कुणी विचारलं होतं?"

"नाही विचारलं," मी म्हटलं. "ते वाईटच झालं. पण तुम्हाला विचारलं नाही, म्हणून हिलाही विचारायचं नाही का?"

स्वयंपाकघराच्या दारात मंगल येऊन उभी होती. केस विंचरलेले नव्हते. डोळ्यांखालचा काळेपणा गालांपर्यंत उतरला होता. मी तिला जवळ बसवलं आणि सुरेशला खालून बोलावून घ्यायला सांगितलं. तो आला, पण बसला नाही. गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला.

आता पेच माझा होता. पेशंटनं आपल्याजवळ बोललेलं तिच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचं नसतं. जिवावर बेतलं असेल तेवढीच सवलत. तरीही तिला डावलून मला बोलायचं नव्हतं. मी मंगलला विचारलं, "तू पहिल्या दिवशी मला जे सांगितलंस, ते यांना सांगायचं का? मी सांगू, की तू सांगतेस?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मला जगावंसं वाटत नाही. परत तसंच व्हायलंय. काल मुलींना शाळेला सोडून येताना वाटलं, घरी येऊच नये."

मला वाटलं, आता हा नवरा तिच्याजवळ बसेल. सुरेश म्हणाला, "घरात हिला काय कमी आहे, ते तरी सांगू दे."

नोकरीत मी आवाज चढवला असेल तो अगदी थोड्या वेळा. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "तिला मधुमेह असता तर हे विचारलं असतं का? घरात काय कमी आहे म्हणून साखर वाढली, असं? तिला आजार आहे. औषधानं तो उतरत होता. ते तुम्ही बंद केलं, कारण तुमचा चहा उशिरा व्हायला लागला." सुरेशच्या तोंडाला तोंड दिलेलं कमलाबाईंना आवडलं नाही. "आमच्या घरात येऊन आम्हाला शिकवायलात?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "होय. शिकवायला लागतंय म्हणून आलेय."

मग मी मंगलला विचारलं, आत्ता तुझ्याजवळ कोण असावंसं वाटतं? ती म्हणाली, "अप्पा."

मी तिथूनच कलघटगीला तिच्या वडिलांना फोन लावला. तो माणूस गिरणीतल्या कपड्यांतच आला. भुवयांवर पीठ तसंच. भांडला नाही, कुणाला दोष दिला नाही. लेकीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंस, बाळा?" ती म्हणाली, "तुम्हाला झोप आली नसती." मग त्यानं जावयाकडं बघून एवढंच सांगितलं, "नातींना पण नेतो. शाळेचं मी बघून घेतो." जाताना ते आधी आमच्या दवाखान्यात आले. डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं, औषध पुन्हा सुरू केलं आणि ती एकटी राहणार नाही, औषधं तिच्या हाताला लागतील अशी ठेवायची नाहीत, हे अप्पांना बजावलं.

कलघटगीत तिला कुणी उठवायचं नाही आणि कुणी झोपवायचंही नाही. अप्पा गोळी हातात ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. दिवसा तिला गिरणीत बसवायचे, लोकांशी बोलायला. या वेळी औषधाला जास्त वेळ लागला. असं होतं. मध्येच बंद केलेलं औषध परत सुरू केलं की पहिल्याइतकं लवकर ते लागू पडेलच असं नाही. हे मी सुरेशला सांगितलं. त्याला वाईट वाटावं म्हणूनच सांगितलं.

पहिल्यांदा तो तिला न्यायला गेला तो सणाची गर्दी आहे म्हणून. मंगलनं दारातच विचारलं, "मला न्यायला आलाय, की कामाला?" तो तसाच परत आला. पुढच्या खेपेला तो एकटाच आमच्याकडं आला आणि बाकावर बसून म्हणाला, "सिस्टर, मी काय करायचं ते सांगा." त्याच्यावरचा माझा राग त्या वेळी गेला असं लिहिता आलं असतं, पण गेला नव्हता. तरी मी सगळं नीट सांगितलं. सकाळच्या कामाला बाई ठेवायची. नोकरांचे डबे घरातून बंद करायचे. मुलींची शाळेची तयारी त्यानं करायची. गोळी त्यानं द्यायची. आणि ती झोपलेली असेल तेव्हा घरात कुणी तिच्या झोपेवर बोलायचं नाही.

मंगल उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सासरी परतली. ती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. तिचा आजार परत डोकं काढणारा आहे. झोप बिघडायला लागली की ती आता स्वतःच ओळखते आणि वेळ न घालवता येते. वर्षातून एखादा वाईट पट्टा येतो. तेवढे दिवस सुरेश दुकान धाकट्या भावावर सोडतो. हे तो करतो, म्हणून शेजारी त्याला बायकोच्या आहारी गेलेला म्हणतात. म्हणू देत.

कमलाबाई पुष्कळ दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या. मंगल म्हणायची, बोलत नाहीत, पण माझा दरवाजा वाऱ्यानं वाजायला लागला की ओढून घेतात.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. सकाळी दवाखान्याबाहेर रिक्षा येऊन थांबली आणि मंगल एकटीच आत आली. म्हणाली, "अक्का, जरा बाहेर येता का? आईंना आणलंय. उतरत नाहीत."

मी गेले. कमलाबाई रिक्षात एका कोपऱ्याला अंग चोरून बसल्या होत्या. शेजारी डब्याची पिशवी. मला बघून त्यांनी मान फिरवली. "मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हिला उगीच हौस. या वयात झोप कमीच असते."

मी काही बोलायच्या आत मंगल म्हणाली, "आई, हे वयाचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला झोप नाही."

"तुला काय माहीत?"

"मी पण जागीच असायची ना," मंगल म्हणाली. "भिंतीपलीकडून तुमच्या बांगड्या ऐकू यायच्या. तुम्ही कूस बदलत राहायचात. मग उठून देवघरात बसायचात आणि रडायचात. मला सगळं ऐकू यायचं. मला वाटायचं, आत यावं. पण तुम्ही रागवाल म्हणून नाही आले."

मला कमलाबाईंचा आलेला राग अजून आठवतो. तो खरा होता आणि बरोबरही होता. पण त्या घरात भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका वर्षानुवर्षं जाग्या होत्या आणि बाकीचं घर गाढ झोपलं होतं, हे कळल्यावर त्या रागाला एकट्या कमलाबाई पुरेनात.

त्यांनी पिशवी मंगलच्या हातात दिली आणि दांडीला धरून सावकाश खाली उतरल्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "थांबू का अक्का?"

"नको," मी म्हटलं. "वेळ लागेल."